बसून निजण्यापुरता सोफा

सोफा घ्यायचा ठरला आणि त्या घरात ज्याला त्याला सोफ्यातलं कळायला लागलं. तोवर दोन बाकडी, एक वेताची कदेल, म्हणजे खुर्ची, आणि भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या चटया, एवढ्यावर त्या घरानं लग्नं लावली होती, पाहुणे जेवू घातले होते, भांडणंसुद्धा केली होती. आता मात्र थोरला गोकुळदास रविवारी पणजीहून आला की सोफ्याखेरीज बोलेना. गोवा राज्य झालं आणि आपण अजून बाकड्यावर! त्याच्या कचेरीतले लोक यायचे, कोकणी की मराठी यावर तावातावानं वाद घालायचे आणि उठताना कंबर चोळायचे, याची त्याला लाज वाटे. त्याला हवा होता म्हापशाच्या दुकानातला, चकचकीत रेक्झिनचा. त्याच्या आईला, शांतेला, हवा होता खाली खण असलेला, चादरी ठेवायला. धाकट्या कृष्णनाथाला काहीच नको होतं. दिवसभर खनिजाचा टिपर हाकून आलेला माणूस, जमिनीला पाठ लागली की संपला. त्याला सोफ्याचं काय कौतुक असणार!

आणि ज्याच्यासाठी सोफ्याची गोष्ट निघाली, त्या भिकाजीला कुणी विचारलंच नव्हतं.

भिकाजी या पोरांचा बाप. उभी हयात खाणीवर गेली. तांबडी धूळ अंगावरून धुऊन जाते, छातीतली कशी जाणार? गेलं वर्षभर त्याला आडवं होता येत नव्हतं. पाठ टेकली की आत पाणी भरल्यासारखं व्हायचं आणि तो डोळे फाडून उठून बसायचा. मग भिंतीला टेकून, उशा रचून, गुडघ्यांवर डोकं ठेवून जमेल तशी डुलकी काढायची. ती डुलकीही घटकाभर टिकत नसे. डिचोलीच्या डॉक्टरनं धाकट्या सुनेला आणि कृष्णनाथाला समोर बसवून बजावलं होतं, "काही झालं तरी यांना उताणं घालू नका. बसूनच झोपू दे. नीट टेकून झोपता येईल असं काहीतरी बघा."

ती धाकटी सून म्हणजे सुशीला, सावंतवाडीकडची. तिनं ते ऐकलं आणि मनावर घेतलं. सासरा तिचा जीव की प्राण होता असं काही नाही. पहिल्या वर्षी तिच्या हातच्या आमटीला त्यानं सतरांदा नाकं मुरडली होती. पण माणूस आपल्यासमोर रोज श्वासासाठी भीक मागतो आणि आपण शेजारच्या खोलीत पांघरूण घेऊन झोपतो, हे तिला सोसवेना.

"सोफो पाव्हण्यांक नको, बाबांक होयो," ती म्हणाली.

"दोघांकय चलात की," गोकुळदास म्हणाला. "एकदा वस्तू घेतली की सगळीच बसतली."

"चलूचो नाय, भावोजी. पाव्हणो घडीभर बसता आणि जाता. बाबांक थंयच निजूचा आसा."

म्हापशाला तिघं गेली, गोकुळदास, कृष्णनाथ आणि सुशीला. निघताना सुशीलेनं फुलं ओवायचा दोरा घेतला, भिकाजीला बाकड्यावर बसवलं आणि टाचेपासून गुडघ्याच्या लवणापर्यंत माप घेऊन गाठ मारली. दुसरी गाठ कमरेपासून मानेपर्यंत. भिकाजी खोकत खोकत म्हणाला, "गो, किरिस्तांवासारख्या माका पेटयेत घालतंस की काय?"

"तुमका बसवूचा आसा, बाबा. पेटी दुसऱ्यांक."

तो हसला. हसण्यापायी पुन्हा खोकत बसला.

दुकानात गोकुळदासानं पसंत केलेला सोफा ऐटीत मांडून ठेवला होता. स्वस्तही होता, अगदी खिशाला परवडेल असा. सुशीला त्यावर बसली ती बसली, आत जी गेली ती वर यायला तिला दोन्ही हात टेकावे लागले. हातांना धरायला कडा नाही. बसक एवढी बुटकी की गुडघे छातीशी. दोरा लावून पाहिला तर गाठ कुठल्या कुठे राहिली.

"मी धडधाकट बाईमाणूस उठूक शकनंय नाय," ती म्हणाली, "तर बाबा कशे उठतले? छाती दुमडली काय श्वास खंयसून घेतले?" मग दुकानदाराला म्हणाली, "जरा उलटो करून दाखवा."

"बाई, सोफा कोण उलटा करून बघतं?"

"मी बघतंय."

गोकुळदासाचा चेहरा उतरला. भर दुकानात भावजय सोफा पालथा घालायला सांगते, काय म्हणतील लोक! पण कृष्णनाथानं मुकाट्यानं एक बाजू धरली आणि उचलली. खाली गोणपाट ठोकलेलं होतं. ते जरा ओढलं तर आत खोक्याच्या फळ्या, कुठे खिळा वाकलेला, कुठे लाकडाचा भुसा सांडतोय. "वरच्या कपड्याक भुललो तर पावसाळ्यात ह्याची काटकां जातली," ती म्हणाली. "आणि रेक्झिन? बाबांक रात्रभर घाम येता. कातडी चिकटतली आणि सोलून येतली. कापूडच होया, तांय काढून धुवूक येणारा. हयसर म्हापशात ठीक आसा, आमच्या घरात धूळ मिठासारखी सगळ्यात असता."

दुकानदारानं सोफा सरळ केला. बाहेर आल्यावर गोकुळदास फुत्कारला, "पुढच्या खेपेक तुझ्या बायलेक एकटीच धाड."

"बरोबर बोलली ती, दादा," कृष्णनाथ म्हणाला. लग्नाला चार वर्षं झाली होती. थोरल्या भावापुढे तो बायकोच्या बाजूनं बोलला असेल तर ही पहिलीच वेळ. सुशीलेला त्याचं फार बरं वाटलं. बसमध्ये ती त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली.

शेवटी गावातल्याच बाबली मेस्ताकडे काम दिलं. मेस्त म्हणजे सुतार, पण त्याला नुसता सुतार म्हटलेलं खपत नसे. तिघांचा संच नको, एकच, पण रुंद. फणसाचं लाकूड, उभी पाठ, मान टेकेल एवढी उंच, हातांना धरून उठता येईल अशा जाड कडा, आत घट्ट ठासलेला काथ्या आणि वर काढून धुता येणारं जाडंभरडं कापड. दाराची चौकटही सुशीलेनं आधी मापून दिली. शांता म्हणाली, "बघूक कसलो तो! देवळातल्या बाकासारखो." गोकुळदासानं मान डोलावली. सोफा आला तेव्हा माय-लेक एकीकडे आणि धाकटी जोडी दुसरीकडे अशी त्या घराची सरळ फाळणी झालेली होती.

भिकाजी पहिले दोन-तीन दिवस त्यावर बिचकूनच बसला. पाठ पुरती टेकेना. नव्या वस्तूवर कसं ऐसपैस बसायचं, अशी त्या पिढीची रीत. मग गुरुवारी पेडण्याहून सत्यवती आली.

सत्यवती भिकाजीची थोरली बहीण. वय झालेलं, पण काठीसारखी ताठ, आणि माहेरात तिचा शब्द खाली पडायचा नाही. पेडण्यात कुणाचं माणूस घटकेला लागलं की आधी तिला बोलावणं जायचं. अमक्याला अजून अवकाश आहे, तमक्याला आता भुईवर घ्या, हे ती सांगायची. खाटेवर, पलंगावर जीव जाऊ द्यायचा नाही, सारवलेल्या जमिनीवर घेऊन तुळशीचं पाणी तोंडात घालायचं, ही तिकडची रीत आणि ती तिनं कितीतरी घरांत पाळून दिली होती. एकाच ठिकाणी ती चुकली होती. त्यांचा मोठा भाऊ सगुण इस्पितळात लोखंडी खाटेवर गेला. त्यानंतर देवाला कौल लावला तर उत्तर आलं की जीव अडकून राहिलाय. तेव्हापासून या बाईनं मनाशी गाठ बांधली होती, उरलेला एक भाऊ तरी धडपणे जाईल.

सोफा पाहून ती म्हणाली, "कोणाची अक्कल ही?"

"सुशीलेची," शांता म्हणाली. सुरात कौतुक नव्हतं.

"बरा केलंस गो. माणूस राजासारखो बसलोसा." असं म्हणून सत्यवतीनं सुशीलेच्या पाठीवरून हात फिरवला, आणि शांतेचं तोंड बारीक झालं. सुशीला खुलली. या घरात तिच्या पाठीवरून असा हात कोण फिरवणार होतं?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर नवल घडलं. भिकाजीनं दोन्ही कडांवर हात पसरले, मान मागे टेकली आणि बोलता बोलता त्याचे डोळे मिटले. सुशीला बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, माणूस दचकून उठेना. तोंड उघडं पडलं, घशातून घरघर सुरू झाली, हात सैल सुटले. वर्षभराची राहिलेली झोप एकदम अंगावर आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मानेशी उशी सरकवली, पायावर पंचा टाकला.

गोळ्या संपल्या होत्या. आता निवांत जाऊन येता येईल असं वाटून ती चप्पल घालता घालता शांतेला म्हणाली, "मांय, मी डिचोलीक जावन येतंय. बाबांक निजूक देवा. कोणी उठवू नकात."

शांता तांदूळ निवडत बसली होती. तिनं हुं केलं.

येताना टिपरांच्या रांगेत बस अडकली. सुशीला खिडकीशी गोळ्यांची पुडी मुठीत धरून बसली होती, मनात आपली खूश. मेस्ताला नारळ द्यायला हवा. जमलं तर कापडाची दुसरी जोडी शिवायची. घराच्या वळणावर उतरली तर पायऱ्यांवर चपलांचा ढीग. शेजारणी पदर तोंडाला लावून उभ्या. कुणीतरी म्हणालं, "इली, धाकटी इली."

ती धावत आत गेली. सोफा भिंतीला लोटलेला होता, रिकामा. मध्ये ओली सारवलेली जमीन आणि त्यावर भिकाजी उताणा. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. डोळे सताड उघडे. सत्यवती उशाशी बसून चमच्यानं तुळशीचं पाणी घालत होती आणि ते पाणी ओठांच्या कडेनं परत येत होतं.

"काय केलात ह्या?" सुशीला किंचाळली. "उठवा! त्यांका बसवा! पाणी घालू नकात!"

"हळू, बाय," सत्यवती म्हणाली. "वेळ झाली त्याची. हाक मारली, ओ नाय. पाय थंडगार. श्वास मध्येच थांबता, परत चालू होता. मी काय आज बघतंय? सोफ्यार जाणार होतो तो. बरा झाला, कृष्णनाथ आज लवकर घराक इलो."

"ते निजलेले! निजलेले ते, आत्या! वर्षभरान निजलेले!"

तिनं गुडघ्यांवर बसून भिकाजीच्या काखेत हात घातले. जड होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "धरा! डॉक्टर काय बोललो तुमच्यासमोर? उताणा घालू नकात म्हणून बोललो मा? धरा ना ओ!"

कृष्णनाथ पुढे झाला, अर्धा वाकला. सत्यवतीनं मान वर केली नाही, नुसती बोलली. "डॉक्टराचा सांगणा जगणाऱ्या माणसाक, रे. जाणाऱ्याक न्हय. सगुणदादाचा काय झाला ता तुका ठावक आसा. वर घेतलंस आणि थंयच गेलो तर? बापाचो जीव अडकवून ठेवतलंस?"

तो तसाच वाकलेला राहिला. गोकुळदासाला पणजीला निरोप गेला होता, तो यायचा होता. घरात पुरुषमाणूस म्हणून हा एकटा. म्हापशाला भर दुकानात सोफा उलटा करणारा हाच. सुशीला त्याच्याकडे बघत होती आणि तिला कळत होतं की आता तो तिचा राहिलेला नाही, तो त्या घराचा झाला आहे.

"सुशीले," तो म्हणाला, "सोड त्येंका. त्रास होता त्येंका."

"ह्या उताणा ठेवल्याचो त्रास तो!"

दोन शेजारणींनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. त्यांचंही काय चुकलं? सून भ्रमिष्टासारखी करते, मरत्या माणसाला ओढते, असंच त्यांना दिसत होतं. भिकाजीचा उजवा हात जमिनीवरून उठला. बोटं थरथरत भिंतीकडे गेली, सोफ्याच्या कडेकडे. हवेतच काहीतरी धरू बघत राहिली.

"बघा," सत्यवती म्हणाली. "दादाक बोलायता. सगुणदादा न्हेवक इलोसा त्येका." आणि इतका वेळ ताठ बसलेली ती म्हातारी रडायला लागली, भावाचे केस कुरवाळत. "जा, भिका. जा हां, बाबा. भियाव नको."

"सोफो मागतत ते," सुशीला म्हणाली. "देवा शपथ सांगतंय, सोफो मागतत."

शांता भिंतीशी बसली होती. पुढ्यात तांदळाचं सूप तसंच होतं. सुशीलेनं तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली असती तर कृष्णनाथानं ऐकलं असतं, सत्यवतीनंसुद्धा ऐकलं असतं. शांता सुपातल्या तांदळांत बोट फिरवत राहिली. भिकाजीच्या घशात पाणी खळखळलं, छाती एकदा खूप वर आली आणि खाली गेली ती पुन्हा उचलली नाही.

मग जे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. गोकुळदास आला, ऊर बडवून रडला. बांबू आले, लाकडं आली. आलेला प्रत्येक जण पायरीवर टेकून एकच बोलत होता, वेळेवर भुईवर घेतला म्हणून बरं, पुण्यवान माणूस. आत्या होती म्हणून निभावलं. सत्यवती त्या बोलण्यानं शांत शांत होत गेली. वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखी भिंतीला टेकून बसली. सुशीलेला तिचा राग यायला हवा होता. राग येतही होता, पण धरता येत नव्हता. त्या बाईनं भावाला जिवापाड माया करत मारलं होतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दिवस कलला तशी पुरुषमाणसं प्रेत घेऊन गेली. बायकांनी अंघोळी केल्या. मागच्या दारी, विहिरीच्या कठड्याशी शांता ओल्या लुगड्यात बसून होती. कपाळ पुसलेलं. सुशीलेनं तिला सुकं लुगडं आणून दिलं. तिनं घेतलं नाही.

"मांय, उठा. थंडी बाधात."

"घोरत होते ते," शांता म्हणाली.

सुशीला जागच्या जागी उभी राहिली.

"लग्न झाल्यापासून आयकत इलंय मी तो घोरणो. मध्येच श्वास थांबता, परत चालू होता. नवी नवरी होतंय तेव्हा मी भियान उठवलंय, तर माकाच हसले." शांता विहिरीत बघत बोलत होती. "आज आयकलंय आणि मनात म्हटलंय, चला, निजलो एकदाचो."

"मग बोलूक नाय तुमी? आत्या बोलावणी धाडीत होती, भुई सारवीत होती, तेव्हा बोलूक नाय?"

"बोलणार होतंय." शांता पदर पिळत राहिली. "पण सत्यवतीबाय म्हणाली, पाय थंड झाले. शेजारीण म्हणाली, व्हय. कृष्णनाथ म्हणालो, व्हय. सगळीच म्हणूक लागली. माका वाटला, मीच चुकत असतलंय. माका काय कळता? आणि माझ्या बोलण्यान तसोच सोफ्यार ठेवलो, आणि खरोच गेलो असतो तर? जन्मभर माकाच बोलली असती सगळी." तिनं प्रथमच सुनेकडे मान वळवली. "तू इलंस तेव्हाय बोलूक येत होता. तेव्हा तर डोळे उघडे होते त्येंचे. माझ्याकडेच बघीत होते."

सुशीलेच्या तोंडापर्यंत शब्द आले. तुम्ही मारलंत, असे सरळ शब्द. पण शांता अशी थरथरत होती की दातांचा आवाज ऐकू येत होता. सुशीलेनं सुकं लुगडं तिच्या अंगाभोवती गुंडाळलं आणि शेजारी बसली. सोफा आल्या दिवसापासून त्या एकमेकींशी धड बोललेल्या नव्हत्या.

पुरुषमाणसं परत आल्याची चाहूल लागली. अंघोळ करून, ओल्या केसांनी कृष्णनाथ मागच्या दारात आला. तोंड सुजलेलं. दोन्ही हात पुढे धरून तो त्या हातांकडेच बघत होता. त्याच हातांनी त्यानं दुपारी बापाला सोफ्यावरून उचलून खाली ठेवलं होतं.

"सुशीले," तो म्हणाला, "एक विचारूचा आसा. तू म्हणत होतंस ते निजलेले म्हणून. वाटभर तांच डोक्यात घुमता." तो आईकडे वळला. "आई, तू थंयच होतंस मा? जायतच होते मा ते? मी उचलले तेव्हा जायतच होते मा?"

शांतेनं तोंडात पदर कोंबला. सुशीलेचा नवरा उंबऱ्यात उभा होता, लहान पोरासारखा, आणि ती काय बोलते यावर त्याचा उरलेला सगळा जन्म लटकत होता.

"व्हय," सुशीला म्हणाली. "माका भ्रम झालेलो. जायतच होते ते."